पहिले वर्ष : अभियांत्रिकी शिक्षणाचा उंबरठा आणि आपली ज्ञाती



आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत यशस्वी विद्यार्थ्यांची यादी छापण्याचा प्रघात जुना आहे. शालान्त परीक्षेपासून पदवीपर्यंत ज्यांनी यश मिळविले त्यांची नावे, गुण आणि छायाचित्रे पाहून कोणाही ज्ञातिबांधवाचा ऊर भरून यावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु या याद्यांच्या दरम्यान एक रिकामी जागा असते, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. बारावीच्या यादीत झळकलेला मुलगा चार वर्षांनी अभियांत्रिकीच्या पदवीधरांत पुन्हा दिसतो. क्वचित पाच-सहा वर्षांनी दिसतो. आणि कधी कधी तो दिसतच नाही. मधल्या काळात त्याचे काय झाले हे विचारणे शिष्टाचारास धरून नाही असे समजून आपण गप्प बसतो. प्रस्तुत लेख त्या मधल्या काळातील पहिल्या वर्षाविषयी आहे.

हा विषय सुचण्यास एक घरगुती निमित्त घडले. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या यंदा चेंबूर येथे अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षास दाखल झाली. शाळेत सदैव पुढे असलेली ही मुलगी दिवाळीच्या सुमारास एका रात्री मजपाशी येऊन बसली व म्हणाली, “काका, वर्गात सगळ्यांना येते, मलाच येत नाही असे वाटते. मला जमेल ना हे?” ‘जमेल’ एवढा एक शब्द बोलून मला मोकळे होता आले असते. परंतु हाच प्रश्न एकेकाळी मीही विचारला होता. आणि माझ्यापूर्वी कितीतरी पिढ्यांतील मुलांनी तो मनातल्या मनात विचारला असला पाहिजे. तेव्हा या प्रश्नाचा इतिहासच थोडा पाहावा, असे मनाने घेतले.

आपल्याकडे अभियांत्रिकी शिक्षणाचा प्रारंभ इंग्रजीतून झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. पेशवाई संपून काही वर्षे होतात न होतात तोच, १८२० नंतरच्या दशकात, मुंबई येथे ‘इंजिनियर इन्स्टिट्यूशन’ या नावाची एक शाळा निघाली होती. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा लष्करी इंजिनियर तिचा प्रमुख होता. तेथे मोजणी, गणित आणि बांधकामाची तत्त्वे मराठी व गुजराती भाषांतून शिकवीत. त्यासाठी जर्व्हिसने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत उतरविली. म्हणजे ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच भूमितीतील सिद्धान्त ऐकला, त्याने तो स्वभाषेत ऐकला. दुर्दैवाने ही शाळा थोड्याच वर्षांत बंद पडली. आणि पुढे दीर्घकाळपर्यंत अभियांत्रिकीच्या वर्गात पाऊल टाकताना मुलास आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. पूल, बोगदे, कालवे आणि रस्ते यांची कामे एकाएकी इतकी वाढली की, त्यांवर देखरेख करण्यास शिकलेली माणसे पुरेनात. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८५४ साली, पुणे येथे ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघाले. हेच पुढे सिव्हिल इंजिनियरिंग कॉलेज, मग कॉलेज ऑफ सायन्स आणि १९११ पासून कॉलेज ऑफ इंजिनियरिंग या नावाने प्रसिद्धीस आले. २०२२ साली त्यास विद्यापीठाचा दर्जा लाभला. आरंभी सरकारी बांधकाम खात्यास दुय्यम दर्जाचे नोकर पुरविणे एवढाच या वर्गाचा हेतू होता. पुढे ते १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले, तेव्हा अभ्यास वाढला, परीक्षा कडक झाल्या आणि इंग्रजीचे राज्य पक्के झाले.

या महाविद्यालयाचे सर्वांत कीर्तिमान विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगलोरहून पदवी घेऊन म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने ते पुण्यास आले आणि १८८३ साली मुंबई इलाख्यात पहिले येऊन त्यांनी जेम्स बर्कली पारितोषिक मिळविले. बर्कली हा आपल्या बोरघाटातून रेल्वे नेणाऱ्या कंपनीचा मुख्य इंजिनियर. आपण विश्वेश्वरय्यांचे पारितोषिक लक्षात ठेवतो. परंतु परप्रांतातून, परभाषेच्या मुलखात आलेल्या त्या तरुणास संस्थानचे आर्थिक साहाय्य लाभले होते, ही गोष्ट विसरतो. बुद्धी त्यांची होती, यात संशय नाही; तथापि त्या बुद्धीस पुण्यात टिकून राहण्याचे साधन दुसऱ्याने पुरविले होते.

आता आपल्या ज्ञातीकडे वळू. आपला पिढीजात धंदा सुतारकामाचा. ज्या काळात पुण्याच्या वर्गात आलेखन शिकवीत, त्या काळात आपले पूर्वज कोकणातील गावी नांगर, बैलगाडीची चाके, घरांचे वासे आणि देवळांचे सभामंडप करीत होते. रेघ, काटकोन, ओळंबा आणि माप यांच्याशी त्यांचा परिचय कोणाही इंजिनियरापेक्षा कमी नव्हता. परंतु ते ज्ञान हातात होते, कागदावर नव्हते. पुढे मुंबईत परळचा व नंतर १९१५ साली माटुंग्याचा रेल्वे कारखाना उभा राहिला, तेव्हा गाडीच्या लाकडी डब्यांच्या कामासाठी कुशल सुतार हवे झाले, आणि आपल्यापैकी अनेक घराण्यांचा मुंबईशी कायमचा ऋणानुबंध जुळला. तेथे शिक्षणाचा मार्ग उमेदवारीचा. मुलगा वडीलधाऱ्याच्या हाताखाली राही. प्रथम रंध्याचे पाते लावी, मग फळी साफ करी, मग सांधा करी. चुकला तर बोलणी खाई. परंतु ‘नापास’ हा शब्द त्या शाळेत नव्हता. जे आज आले नाही ते उद्या येईल, असे तेथे गृहीत होते.

१८८७ साली मुंबईत भायखळ्यास व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. गिरण्यांना आणि कारखान्यांना तंत्रज्ञ पुरविणे हा तिचा उद्देश. १९२३ साली ती माटुंग्यास आली व १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करती झाली. हातात असलेले ज्ञान आणि पुस्तकात असलेले ज्ञान या दोहोंची गाठ जर कोठे पडावयाची, तर ती अशाच संस्थेत. पण ही गाठ आपोआप पडत नाही. कारागिराच्या मुलास यंत्रशाळेत सुख वाटे आणि गणिताच्या वर्गात भीती वाटे. कारकुनाच्या मुलाचे नेमके उलट होई. पहिले वर्ष म्हणजे ज्याला जे येत नाही ते त्याच्यासमोर प्रथमच उभे राहण्याचे वर्ष, ही व्याख्या मला या इतिहासावरून सुचते. त्यात अपात्रतेचा काही संबंध नाही.

भाषेनंतर दुसरी अडचण निवाऱ्याची. गावाकडून आलेल्या मुलाने राहावे कोठे, जेवावे कोठे? या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर कोल्हापुरात मिळाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढविले. पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत आणि शिंपी, पांचाळ यांसारख्या कारागीर समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळेच. महाराजांनी ओळखले ते एवढेच, की शाळेची फी माफ केल्याने विद्यार्थी टिकत नाही. संध्याकाळी दिव्याखाली शेजारी बसणारे कोणी असावे लागते. ज्ञातिसंस्थांच्या वसतिगृहांचा, शिष्यवृत्त्यांचा आणि पुस्तकपेढ्यांचा उगम याच जाणिवेत आहे. आपली संस्थाही त्याच काळाच्या वाऱ्यावर वाढली.

तिसरी अडचण एकटेपणाची. आणि ती भगिनींच्या वाट्यास अधिक आली. मद्रासच्या गिंडी महाविद्यालयात १९४० च्या सुमारास ए. ललिता या तरुण विधवेने विद्युत अभियांत्रिकीस प्रवेश घेतला. शेकडो मुलांत ती एकटीच मुलगी. ती एकटी पडू नये म्हणून महाविद्यालयाने इतर मुलींनाही प्रवेशासाठी आवाहन केले, आणि पी. के. त्रेसिया व लीलम्मा जॉर्ज अशा दोघी तेथे दाखल झाल्या. तिघीही इंजिनियर झाल्या. आपल्या मुंबईत शकुंतला भगत यांनी १९५३ साली माटुंग्याच्या संस्थेतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, पुढे पवईच्या संस्थेत अध्यापन केले आणि पोलादी पुलांच्या बांधणीची एक नवी पद्धत विकसित केली. गिंडीच्या गोष्टीतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. अभ्यासक्रम सोपा करण्यात आला नाही, गुण वाढवून देण्यात आले नाहीत. केवळ सोबत देण्यात आली.

आणि पहिले वर्ष केवळ विद्यार्थ्यांचे असते असेही नाही; संस्थांचेही असते. पवईची आय. आय. टी. आज जगन्मान्य आहे. परंतु १९५८ च्या जुलैमध्ये तिचे पहिले सुमारे शंभर विद्यार्थी जमले, तेव्हा पवईस इमारत नव्हती. वरळी येथील ‘सस्मिरा’ या रेशीम गिरण्यांच्या संशोधन संस्थेच्या जागेत त्यांचे वर्ग भरले. पंडित नेहरूंच्या हस्ते पवईस कोनशिला बसली ती १० मार्च १९५९ रोजी. उसन्या जागेत बसलेल्या त्या मुलांनाही आपण कोठे येऊन पडलो असे क्षणभर वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

या पार्श्वभूमीवर चेंबूरची कथा पाहिली पाहिजे. कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत प्रवासी गाडी १९२४ साली सुरू झाली. तोवर घाटला, बोर्ला, मारवली, आणिक, माहुल अशी आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे एवढाच हा प्रदेश होता. फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासितांची छावणी पडली. मग ट्रॉम्बेच्या किनाऱ्याने उद्योग आले. १९५४ आणि १९५५ साली तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले. १९५६ साली वीजकेंद्र उभे राहिले. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. आणि १९६५ साली खतांचा कारखाना चालू झाला. रात्री कारखान्याच्या धुराड्याच्या टोकाशी जळणारी ज्योत आम्हां चाळीतल्या मुलांना गच्चीवरून दिसे, आणि तिच्या उजेडात काम करणारा कोणी ना कोणी प्रत्येक चाळीत असे. कोणी फिटर, कोणी वेल्डर, कोणी आरेखक. इंजिनियर मात्र क्वचितच.

ही स्थिती पालटली ती १९८३ नंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र शासनाने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास अनुमती दिली. निर्वासितांतून पुढे आलेल्या हशू अडवाणी यांनी १९६२ साली चेंबूरला विवेकानंद एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती; तिचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ साली निघाले. दुसऱ्या वर्षी, १९८५ साली, शाह अँड अँकर कच्छी इंजिनियरिंग कॉलेज सुरू झाले. पैकी एक संस्था घरदार गमावून आलेल्या माणसाने उभी केली, दुसरीच्या नावातच एका समाजाचा उल्लेख आहे. मुंबईतील उच्च शिक्षणात समाजासमाजांनी घातलेली भर किती मोठी आहे, याची साक्ष चेंबूरच्या एका फेरफटक्यात मिळते. या धोरणावर टीकाही पुष्कळ झाली. फी परवडेना, देणग्यांचा बोलबाला झाला, आणि १९८७ साली शासनास कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्या चाळीत फिटर राहत होता त्याच चाळीत आता प्रथम वर्षाचा विद्यार्थी राहू लागला. पुण्यास किंवा माटुंग्यास जाणारे मोजके असत. आता जाणारे अनेक झाले. दार रुंद झाले; परंतु उंबरठा होता तेवढाच उंच राहिला.

मी स्वतः याच लाटेतला. १९८६ साली मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशा एका महाविद्यालयात प्रथम वर्षास दाखल झालो. महाविद्यालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. जे घडले त्यात त्याचा काही दोष नव्हता. मी मराठी शाळेत शिकलेला. अकरावी-बारावीची दोन वर्षे इंग्रजीत काढली होती खरी, पण ती पाठांतराच्या बळावर. आमच्या घराण्यात इंजिनियरिंगला जाणारा मी पहिलाच, म्हणून वडिलांनी माझ्यासाठी ड्रॉइंग बोर्ड बाजारातून विकत आणला नाही. तो त्यांनी स्वतः केला. देवदाराच्या फळ्या सांधल्या, पाठीमागे आडव्या पट्ट्या दिल्या, चारी कडा गुण्या लावून पुन्हा पुन्हा तपासल्या. महाविद्यालयात आमच्या अध्यापकांनी त्या बोर्डावर टी-स्क्वेअर फिरवून पाहिला आणि ‘हा कोणी केला?’ असे कौतुकाने विचारले. तो दिवस माझ्या अभिमानाचा होता.

पहिल्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी गणितात नापास झालो होतो. आणि त्याच बोर्डावर शिकून ड्रॉइंगमध्येही नापास झालो होतो. गणिताचे दुःख मी गिळले. परंतु सुताराचा मुलगा रेघा ओढण्यात नापास झाला, हे वडिलांना सांगावे कसे? चार दिवस मी सांगितले नाही. सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, बोर्डाकडे पाहून एवढेच म्हणाले, “बोर्डात काही खोट राहिली का रे?” आजही ते शब्द आठवले म्हणजे मन कासावीस होते. त्याच महिन्यात आपल्या संस्थेचा गुणगौरव समारंभ होता. बारावीच्या गुणांबद्दल माझेही नाव यादीत होते. मी पोटदुखीचे निमित्त सांगून घरी राहिलो.

समारंभाहून परतताना माझे थोरले चुलते माझे बक्षीस घेऊन आमच्या घरी आले. ते रेल्वेच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. म्हणजे ओतकामासाठी जो साचा करावयाचा, त्याचा लाकडी नमुना तयार करणे हे त्यांचे काम. शिक्षण मराठी चौथी. पोटदुखीचे खरे कारण त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखले असावे. त्यांनी प्रश्नपत्रिका मागितली. तीत एका वस्तूचे तिरके चित्र देऊन तिची समोरची, वरची आणि बाजूची अशी तीन दर्शने काढावयास सांगितली होती. काका ती थोडा वेळ पाहत राहिले व म्हणाले, “अरे, हे तर आम्ही रोज करतो. साहेब कागद देतो, आम्ही त्याचे लाकूड करून देतो. तुला लाकडाचा कागद करायचा आहे, एवढेच.”

पुढच्या रविवारी त्यांनी सागवानाच्या तुकड्यातून ती वस्तू हुबेहूब करून आणली. तो ठोकळा माझ्या डोळ्यासमोर धरून ते म्हणाले, “एक डोळा मीट. दिसते तेवढेच काढ. आहे हे ठाऊक आहे म्हणून काही काढू नकोस.” मग ठोकळा फिरवला, पुन्हा काढावयास सांगितले. “आणि जी कड आड गेली आहे, ती तुटक रेघेने दाखव. ती दिसत नाही, पण आहे.” वर्गात तीन महिने जे समजले नव्हते ते एका सकाळी समजले. तीन रविवार, तीन ठोकळे. पुरवणी परीक्षेत मी ड्रॉइंगमध्ये उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालो. गणित मात्र चेंबूरच्याच एका तमिळभाषक वर्गमित्राने शिकविले. त्याचा हात यंत्रशाळेत चालत नसे. कानस कशी धरावी, पटाशी कोणत्या अंगाने चालवावी हे मी त्यास दाखवीत असे, आणि संध्याकाळी तो मला कलनशास्त्र समजावून देई. हातातले आणि पुस्तकातले ज्ञान यांची गाठ पडते ती अशी, दोन माणसे शेजारी बसली म्हणजे.

एकदा काकांना मी विचारले, “तुमच्या पेटीतली ही फूटपट्टी साध्या फूटपट्टीपेक्षा मोठी का?” ते म्हणाले, “ओतलेले लोखंड थंड होताना आकसते. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. आकसाची सूट धरली नाही, तर नग बाद होतो. आणि दोष लोखंडाचा नसतो, नमुना करणाराचा असतो.” ओतीव लोखंड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसते, हे मी पुढे पुस्तकात वाचले. परंतु त्या वाक्याचा दुसरा अर्थ कळण्यास मला पुष्कळ वर्षे लागली. शाळेत तापून, उजळून निघालेले मूल पहिल्या वर्षाच्या गारव्यात थोडे आकसते. हा त्याच्या धातूचा दोष नव्हे. ज्या घराने, ज्या समाजाने त्याच्यासाठी नमुना केला त्याने ही सूट आधीच धरावयास हवी होती.

आज परिस्थिती काही बाबतींत सुधारली आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. नवागतांच्या छळाविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा केला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ साली प्रथम वर्षाच्या आरंभी तीन आठवड्यांचा परिचयवर्ग आखून दिला. एकदम अभ्यासावर न घालता मुलांस संस्थेची, अध्यापकांची आणि परस्परांची ओळख व्हावी, हा त्याचा उद्देश. आणि २०२१ साली त्याच परिषदेच्या अनुमतीने मराठीसह काही भारतीय भाषांतून पदवीचे अभियांत्रिकी शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. जर्व्हिसच्या शाळेत जे सुरू होऊन खुंटले, ते जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा अंकुरले. ‘के.टी.’ लागलेल्या विद्यार्थ्यास राहिलेले विषय पाठीवर घेऊन पुढील वर्गात जाऊ देण्याची मुंबई विद्यापीठाची जुनी सवलतही एक प्रकारे आकसाची सूटच होय.

तथापि कायदे, परिपत्रके आणि सवलती यांची धाव महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत. फाटकातून बाहेर पडून, लोकलच्या गर्दीतून घरी आलेल्या मुलाशी रात्री कोण बोलतो, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. तो आपल्या कक्षेतला आहे. आणि येथे आपण, ज्ञातिसंस्था म्हणून, कमी पडलो आहोत, असे मी स्पष्टपणे म्हणतो. आपण यशाचा गौरव करतो ते योग्यच. परंतु गौरवाची रीत अशी झाली आहे की, अडखळलेल्या मुलास समारंभाच्या दिवशी पोटदुखी आठवावी. बारावीत नव्वद टक्के मिळविलेल्या मुलाचा सत्कार करून आपण त्याच्यावर एक अपेक्षा लादतो; आणि सहा महिन्यांनी ती त्यास पेलेनाशी झाली म्हणजे त्याच्या दारावरून मुकाट्याने पुढे जातो. अशा वेळी काही मुले मनातून किती खचतात, याची वृत्ते आपण सारे वाचतो. तेव्हा हा प्रश्न गुणांचा राहिलेला नाही.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे काही साध्या सूचना ठेवतो. ज्यांची मुले यंदा अभियांत्रिकीच्या अथवा कोणत्याही व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षास गेली आहेत, त्यांची नोंद संस्थेने ठेवावी. परंतु गुण विचारू नयेत. आपल्यातील सेवानिवृत्त इंजिनियर, आरेखक, अध्यापक आणि कारखान्यातील जुने कारागीर यांनी महिन्यातून दोन रविवार सकाळी संस्थेच्या सभागृहात बसावे. ज्यास यावेसे वाटेल त्याने यावे, न येणाऱ्यास कोणी जाब विचारू नये. त्यात शेजारचा, परज्ञातीचा मुलगा आला तर त्यास आनंदाने बसवून घ्यावे. मला गणित ज्याने शिकविले तो आपल्या ज्ञातीचा नव्हता. वरच्या वर्गातील मुलींनी प्रथम वर्षाच्या मुलींची सोबत करावी. आणि पुढील वर्षापासून गुणगौरवाच्या व्यासपीठावर, पहिल्या वर्षी नापास होऊन पुढे उत्तीर्ण झालेल्या एका तरी व्यक्तीने, तिची इच्छा असल्यास, चार शब्द बोलावेत. ही सुरुवात मी स्वतःपासून करण्यास सिद्ध आहे. किंबहुना हा लेख लिहून ती केलीच आहे.

पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यावयाचे राहिले. तिचे आलेखन आता संगणकाच्या पडद्यावर चालते. ड्रॉइंग बोर्ड तिने हाती धरलेला नाही. तिची खरी अडचण संगणकाची आज्ञावली लिहिण्याच्या विषयात आहे, आणि त्यात मी काडीचाही उपयोगी नाही. तेव्हा मी तिला आपल्याच ज्ञातीतील, तृतीय वर्षात असलेल्या एका मुलीकडे घेऊन गेलो. दोघी दोन तास बोलत बसल्या. परत येताना पुतणी म्हणाली, “काका, तिलाही पहिल्या वर्षी के.टी. लागली होती. आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते.”

नव्हतेच ठाऊक. स्मरणिकेच्या त्या वर्षीच्या यादीत त्या मुलीचे बारावीचे छायाचित्र मात्र ठळकपणे छापलेले आहे. आपली यादी यापुढेही अशीच वाढत जावो. पण दोन याद्यांमधील रिकाम्या जागेत उभ्या असलेल्या मुलामुलींची विचारपूस करण्यास आपल्यापैकी कोणीतरी त्या रविवारी सकाळी हजर असो, एवढीच ज्ञातिबांधवांस विनंती. काकांनी केलेले तिन्ही ठोकळे माझ्याकडे आहेत. ते मी सभागृहात आणून ठेवीन.